डिझाइनला जायचंय, मग अकरावीत काय घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या एका ताईंची मुलगी यंदा दहावी झाली. स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी, इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेत 'ए' ग्रेड. तिला डिझाइनकडे जायचंय. घरी काका म्हणतात, आधी सायन्स घे, बारावीनंतर काय ते पाहू. एक क्लासवाले दोन वर्षांचं पॅकेज सांगून गेलेत. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मते आर्ट्‌स घेतलं की कारभार आटोपला. ताई विचारतात: शाखा कोणती घ्यायची, परीक्षा कोणत्या, क्लास लावायचा का, आणि या सगळ्याला उशीर तर झाला नाही ना?

ताई, उशीर झालेला नाही, हे आधी सांगून टाकतो. मी बरीच वर्षं जाहिरातीच्या कामात होतो आणि आता नागपुरातच अकरावी-बारावीच्या मुलांना ड्रॉइंग शिकवतो. माझ्याकडे बहुतेक पालक येतात ते बारावीच्या दिवाळीनंतर, फॉर्मची तारीख डोक्यावर आल्यावर. तुम्ही दोन वर्षं आधी विचारताय.

शाखेचं म्हणाल, तर खरोखर बांधून टाकणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे आर्किटेक्चर. बी.आर्क.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित असावंच लागतं. नाटा या आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेच्या मार्गाने जा नाहीतर जेईई मेनच्या बी.आर्क.च्या पेपरने, ही अट सुटत नाही. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत आर्किटेक्चरला जायचं तर तो जेईईचाच पेपर द्यावा लागतो आणि त्यात ड्रॉइंगच्या जोडीला गणितही असतं. म्हणून पहिल्यांदा मुलीला समोर बसवून एवढंच विचारा, की इमारती, घरं, जागा यांचं तिला काही वाटतं का. 'कदाचित' असं उत्तर आलं तरी फिजिक्स-मॅथ्स घेऊ द्या. 'नाही' आलं, तर एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), निफ्ट या फॅशन संस्थेचं बी.डिझाइन, बहुतेक आयआयटींचं बी.डिझाइन, आपल्या राज्याचं बी.एफ.ए. (ललित कलेची पदवी) या सगळ्यांना कोणत्याही शाखेची बारावी चालते. सायन्सवाल्याला तिथे एक गुणही जास्त मिळत नाही.

काकांचं म्हणणं मी रोज ऐकतो. सायन्स घेतलं की सगळे रस्ते मोकळे राहतात, हे कागदावर खरं आहे. पण नागपुरात सायन्स घेणं म्हणजे नुसतं सायन्स घेणं उरलेलं नाही. सायन्स म्हटलं की पाठोपाठ जेईई नाहीतर नीटचा क्लास येतो, मग टेस्ट सिरीज येते, रविवारची टेस्ट येते. पोरगी सकाळी घरून निघते, अंधार पडल्यावर परत येते, आणि चित्राची वही कपाटात पडून राहते. बारावीच्या डिसेंबरात ती वही बाहेर काढली की हात आखडलेला असतो. म्हणून शाखा कोणती या प्रश्नाआधी मी विचारतो, की ती शाखा घेतल्यावर आठवड्यात चित्राला किती तास उरतात? माझ्या मते दहा तरी हवेत. रोज तासभर, आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर जाऊन सलग तीन-चार. सायन्स घेऊन हे जमत असेल तर खुशाल घ्या, पण मग साधं कॉलेज आणि गरजेपुरती एखाद-दुसऱ्या विषयाची शिकवणी, एवढ्यावर थांबा. डिझाइनचा क्लास आणि जेईईचा क्लास एकाच वेळी लावणाऱ्या मुलांचे हाल मी पाहतो. दोन्हीकडे ती अर्धीच असतात.

आर्ट्‌स घ्यायचं ठरलं, तर मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांतलं जे आवडेल ते घेऊ द्या. माणसं कशी वागतात याचा विचार डिझाइनमध्ये पुढे रोज करावा लागतो. बोर्डाच्या कला शाखेत चित्रकला आणि कलेचा इतिहास व रसग्रहण असेही विषय आहेत, पण ते मोजक्याच कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवले जातात. ऑनलाइन प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा, की विषय नुसता यादीत आहे की शिकवणारे सर-मॅडमही आहेत. कॉमर्सलाही माझी हरकत नाही. पुढे स्वतःचा स्टुडिओ टाकला तर जीएसटी कोणाला तरी कळायला हवा.

आता परीक्षा. यावर फार वेळ घालवत नाही, कारण तारखा आणि नियम दरवर्षी थोडे हलतात आणि ते अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. ढोबळ चित्र असं आहे. एनआयडीची पूर्वपरीक्षा, निफ्ट आणि युसीड या तिन्ही हिवाळ्यात, म्हणजे बोर्डाच्या प्रॅक्टिकल आणि पूर्वपरीक्षेच्या ऐन धामधुमीत येतात. युसीड ही आयआयटींच्या बी.डिझाइनची प्रवेशपरीक्षा, ती आयआयटी मुंबई घेते. त्यात 'अ' भाग संगणकावर असतो आणि 'ब' भागात कागदावर चित्र काढायचं असतं. ती लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, म्हणून सहज बसून पाहू असं करू नका. तिच्यातून आयआयटी मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद यांच्यासोबत जबलपूरची ट्रिपल आयटीसुद्धा मिळते, आणि जबलपूर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे. एनआयडीचंही तसंच. लोकांना अहमदाबादच ठाऊक असतं, कारण 1961 पासूनची मूळ संस्था ती. पण भोपाळलाही एनआयडी आहे आणि नागपूरहून भोपाळ एका रात्रीचा प्रवास. निफ्टचंही भोपाळला केंद्र आहे. बारावी झाली की उन्हाळ्यात राज्याची कला सीईटी येते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असे पेपर असतात. तिच्यावर बी.एफ.ए.चे प्रवेश होतात, त्यात लक्ष्मीनगरचं आपलं शासकीय चित्रकला महाविद्यालयही आलं.

या तारखांचा अर्थ एकच निघतो. बारावीचं वर्ष हात तयार करण्यासाठी मिळतच नाही. जे करायचं ते अकरावीत आणि मधल्या उन्हाळ्यात.

आणि इथे मला इंटरमिजिएटच्या 'ए' ग्रेडबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय, कारण बहुतेक पालकांना वाटतं की 'ए' ग्रेड आली म्हणजे ड्रॉइंगचा प्रश्न मिटला. ग्रेड चांगलीच आहे. दहावीला तिचे 7 वाढीव गुण मिळतात ते वेगळेच. पण त्या परीक्षेच्या तयारीत हाताला काही सवयी लागतात. संकल्पचित्रात अर्धी नक्षी काढायची, ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी बाजू छापायची. स्मरणचित्रासाठी चार आकृत्या पाठ करायच्या: घागर घेतलेली बाई, फुगेवाला, पाठमोरा म्हातारा, धावणारं पोरगं. मग विषय जत्रेचा असो नाहीतर रेल्वे स्टेशनचा, त्याच चौघांना उचलून तिथे उभं करायचं. ग्रेड परीक्षेत हे चालून जातं. डिझाइनच्या परीक्षेत तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं.

मी अकरावीच्या मुलांना सुरुवातीला एक विषय देतो. सीताबर्डीत फुटपाथवर बसून छत्री दुरुस्त करणारा माणूस, आणि तुम्ही त्याला पादचारी पुलावरून खाली पाहताय. 'ए' ग्रेडवाल्या मुलांची चित्रं बहुतेक सारखीच येतात. माणूस मांडी घालून थेट आपल्याकडे तोंड करून बसलेला, मिशी छान कोरलेली, मागे उघडी छत्री एखाद्या प्रभावळीसारखी, कडेला दोन गिऱ्हाइकं. रंगकाम सुरेख. पण पुलावरून पाहिल्याची खूण कुठेच नाही. वरून पाहिलं तर त्याचा चेहरा जवळपास दिसणारच नाही. दिसेल डोक्याचा वरचा भाग, त्याच्याखाली खांदे, खांद्यांपुढे आलेले गुडघे. छत्री वरून पाहिली की मधून निघालेल्या काड्या दिसतात, त्यांतली एक वाकलेली. समोर पथारीवर पक्कड, तारेची गुंडाळी, जुन्या छत्र्यांच्या मुठी पसरलेल्या. आणि मुख्य म्हणजे हात. काडीचं टोक एका हाताच्या चिमटीत धरून दुसऱ्या हाताने तो दोरा आवळतोय, त्यासाठी छत्रीचा दांडा त्याने कुठे अडकवलाय? मांडीत? पायाच्या अंगठ्यात? हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काढता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जाऊन अर्धा तास पाहून आलेल्या मुलाचं दुसरं चित्र रंगात कच्चं असेल, पण त्या माणसाच्या हातात काम असतं. परीक्षकाला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून अकरावीचे पहिले काही महिने मी रंग बंदच ठेवतो. पेन्सिल, नाहीतर काळं बॉलपेन. बॉलपेन मला जास्त आवडतं, कारण खोडता येत नाही आणि मूल रेघ मारण्याआधी पाहू लागतं. घरातल्याच वस्तू काढायला लावतो: कुकरचं झाकण शिट्टीसकट, उलटी ठेवलेली सायकल, पाट्यावर वाटणारे आजीचे हात. प्रत्येक वस्तू तीन जागांवरून: समोरून, वरून, आणि जमिनीला गाल टेकवून. वस्तुचित्रासाठी हात ताणून पेन्सिलीने माप घ्यायची जी सवय शाळेत लागलेली असते ती सोडायची नाही, ती सोन्यासारखी आहे.

ग्रेड परीक्षेतला आणखी एक भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि पुढे तोच तारतो. तो म्हणजे घनभूमिती. शंकू, प्रचिन (प्रिझम), सूची (पिरॅमिड) यांचे वरून आणि समोरून दिसणारे आकार आखताना डोक्यात वस्तू फिरवायची सवय लागते. युसीडच्या 'अ' भागात नेमके असेच प्रश्न येतात: घडी घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल, ठोकळ्यांचा हा ढीग मागून कसा दिसेल, दातेरी चाकांच्या साखळीत शेवटचं चाक कोणत्या दिशेने फिरेल. मुलीने इंटरमिजिएटची भूमितीची वही रद्दीत दिली नसेल तर जपून ठेवायला सांगा.

अक्षरलेखनाचंही तसंच. मराठी मुलांना वाटतं डिझाइन म्हणजे सगळं इंग्रजीच. अहो, विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण वापरलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी केला. आयआयटी मुंबईत 1969 साली औद्योगिक डिझाइनचं केंद्र उभं करणारे सुधाकर नाडकर्णी हेही मुळात मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकलेले. चित्रकलेच्या शाळेतून डिझाइनकडे जाणारी वाट आपल्याकडे जुनी आहे. मुलीला दुकानांच्या जुन्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढायला लावा. इतवारीत, गांधीबागेत अजून सापडतात. 'क्ष' आणि 'ज्ञ' प्रत्येक पेंटरने कसा वेगळा सोडवलाय, याची एक वही भरली तरी हाती खूप लागतं.

बाहेर कुठे जायचं, हे पालक हमखास विचारतात. नागपूर यासाठी चांगलं गाव आहे, फक्त मॉलमधून बाहेर पडावं लागतं. सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला, म्हणजे 1863 पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, तिथली शिल्पं आणि पेंढा भरलेले प्राणी काढायला उत्तम, कारण ते हलत नाहीत. काउंटरवर विचारून घ्या आणि सोमवारी जाऊ नका. हलणारे प्राणी हवे असतील तर महाराजबाग. दीक्षाभूमीच्या स्तूपाची वक्ररेषा पर्स्पेक्टिव्हमध्ये काढून बघा म्हणावं, घाम फुटतो.

पण एकच जागा निवडायची झाली तर मी बडकस चौकाजवळची चितार ओळ निवडेन. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने आणि मग दुर्गेच्या मूर्ती चालू असताना. पूर्ण झालेल्या, रंगवलेल्या मूर्तींसमोर थांबायचं नाही. मोठी मूर्ती जिथे सुरू होते तिथे जायचं. आधी लाकूड-बांबूचा सांगाडा. त्यावर तणस सुतळीने आवळून बांधलेली, आणि तेवढ्यावरही देवीचा एक पाय पुढे आहे हे लांबून कळतं. म्हणजे उभं राहण्याची लकब मातीच्या आधीच ठरलेली असते. मग मातीचा जाड थर, तो वाळताना भेगा पडतात, भेगांवर पातळ मातीत भिजवलेल्या चिंध्या बसवतात, मग बारीक मातीचा हात. बोटं शेवटी लावतात. मुलीला त्याच मूर्तीसमोर दर रविवारी पाठवा आणि एकाच पानावर सगळे टप्पे काढायला लावा, बाजूला चार ओळी लिहून: काय आधी केलं, का आधी केलं. निफ्टच्या शेवटच्या फेरीत आणि एनआयडीच्या मुख्य परीक्षेत हाताने वस्तू घडवायला लावतात. तिथे तार, कागद, माती समोर आली की आधी सांगाडा हे ज्याला कळलंय ते मूल गडबडत नाही. कारागिरांना कामाच्या वेळी फार प्रश्न विचारू नयेत, आणि निघताना काढलेलं चित्र दाखवून यावं. पुढच्या वेळी ते स्वतःहून बसायला जागा देतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूकही चुकवू नका. काळी-पिवळी मारबत आणि महागाईपासून राजकारणापर्यंत सगळ्यांवर निघणारे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे. तिथे उभं राहून चित्र काढायला जमणार नाही, गर्दीच तशी असते. पाहून यायचं आणि रात्री आठवणीतून काढायचं. स्मरणचित्र म्हणतात ते हेच. पाठ केलेल्या फुगेवाल्याला त्या गर्दीत जागा नाही. शिवाय एखादी तक्रार पुतळ्याच्या रूपात लांबच्या माणसालाही कशी कळवायची, हा संवादाचा धडा तिथे फुकट मिळतो.

अकरावी आणि बारावीच्या मधला उन्हाळा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नागपूरचा उन्हाळा जलरंगाचा शत्रू. मे महिन्यात दुपारी वॉश टाकला की ब्रश दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिली कड वाळलेली असते, मग पट्टे उमटतात, आणि मुलं कागदाला दोष देतात. उपाय साधा आहे. सकाळी सातच्या आत रंगवायचं, नाहीतर कूलरच्या झोतापासून बाजूला बसून. कागद मागून-पुढून ओला करून बोर्डावर चिकटवायचा आणि एका वेळी छोटा भाग घ्यायचा. दुपार पेन्सिलीला. त्या दोन महिन्यांत ड्रॉइंगच्या जोडीला जुन्या प्रश्नपत्रिका सुरू कराव्यात. युसीडच्या मागच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून सेमीच्या मुलीने प्रश्न सावकाश दोनदा वाचायची सवय आत्तापासून लावावी. चित्र उत्तम पण विचारलं होतं वेगळंच, असे गुण फार जातात.

आता क्लास. दोन वर्षांच्या पॅकेजची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः शिकवतो, तरी सांगतो. अकरावीत एखाद्या चांगल्या ड्रॉइंग शिक्षकाकडे आठवड्यातून दोनदा बसवा, शाळेतले ड्रॉइंगचे सर तयार असतील तर त्यांच्यासारखं कोणी नाही. बारावीच्या दिवाळीच्या सुमारास घड्याळ लावून सराव परीक्षा देण्यापुरता क्लास लावला तर ठीक. क्लास निवडताना भिंतीवरचे फोटो पाहू नका. मुलांच्या वह्या पाहायला मागा. वीस वह्यांमध्ये एकाच प्रकारची झाडं, एकाच वळणाचे चेहरे आणि 'पृथ्वी हातात धरलेली' तीच कल्पना दिसली, तर तिथून उठा. टॅबलेट घेऊन द्यायचा का, असंही हल्ली विचारतात. बारावीपर्यंत नको. परीक्षेत चित्र काढायला कागद आणि पेन्सिलच समोर येते.

पैशांचं बोललंच पाहिजे. एनआयडी, निफ्ट किंवा आयआयटी, सगळ्यांची चार वर्षं काही लाखांत जातात. सवलती आणि शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या धरूनही हिशेब आधी मांडा. शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं बी.एफ.ए.ही चार वर्षांचंच, खर्च त्या मानाने फारच कमी, आणि मुलगी घरी राहून शिकते. मला हा दुय्यम पर्याय वाटत नाही. उपयोजित कलेतून जाहिरात, पॅकेजिंग, पुस्तकं, स्क्रीनवरचं डिझाइन या सगळ्याकडे जाता येतं, आणि बी.एफ.ए. करून मग पदव्युत्तर डिझाइनला जाणारी मुलंही असतात. फरक असा, की डिझाइन संस्थेत मुलीला सारखं ढकलणारे लोक भोवती असतात, इथे स्वतःच स्वतःला ढकलावं लागतं. तुमची मुलगी यांतली कोणती, हे मला कळणार नाही, तुम्हाला कळेल. म्हणून कला सीईटीचा फॉर्म भरायचाच, एनआयडीची तयारी कितीही चांगली असो.

शेवटी एक काम, जे मुलीचं नसून तुमचं आहे. कागदपत्रं. आरक्षणाचा लाभ घेणार असाल तर जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणी अकरावीतच मार्गी लावा. ओबीसी असाल तर राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर चालतं, पण एनआयडी, निफ्ट, आयआयटीला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि तेही चालू मुदतीतलं. दोन्ही वेगवेगळे काढावे लागतात. डोमिसाइलसाठी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच तपासा. नावात, जन्मगावात एका अक्षराची चूक असली तरी दुरुस्तीसाठी शाळेत चकरा होतात. सेतू केंद्रात जून-जुलैत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दिवाळीनंतरच्या एखाद्या मोकळ्या दिवशी जा.

आणि काकांना सांगा, की आर्किटेक्चरबद्दल मुलीशी बोलायला मीही तयार आहे. येताना तिची वही घेऊन या. कच्ची, खाडाखोड केलेली. ग्रेड परीक्षेची प्रमाणपत्रं घरीच राहू द्या.